पिलाच्या शेपटीखालची पिशवी

कोंबडीचं मेलेलं पिलू शवविच्छेदनाच्या टेबलावर उताणं ठेवलं की हात आपोआप ठरलेल्या वाटेनं जातात. दोन्ही पाय बाहेर दाबून खुबे मोकळे करायचे, कातडी सोडवायची, मांडीच्या स्नायूंवर रक्ताचे ठिपके आहेत का ते बघायचं, मग पोट उघडायचं. आतडी एका अंगाला सारली की अगदी शेवटी, विष्ठा बाहेर पडते त्या जागेच्या वरच्या बाजूला, एक लहानशी पिशवी लागते. आकारानं अंगठ्याच्या पेरापेक्षाही लहान. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांमध्ये मरतूक अचानक वाढली असेल तर मी सगळ्यात आधी तिच्याकडे बघते. ती सुजलेली असली, भोवती पिवळसर चिकट थर असला, कापल्यावर आत रक्त साकळलेलं दिसलं, की फार डोकं खाजवावं लागत नाही. गंबोरो, पिलांचा विषाणूजन्य रोग.

या पिशवीशी माझी पहिली गाठ पडली ती तोंडी परीक्षेत. ट्रेमध्ये एक उघडलेलं पिलू होतं, आणि सरांनी चिमट्यानं पिशवी उचलून विचारलं, "हे काय?"

"बर्सा ऑफ फॅब्रिशियस, सर."

"काम काय हिचं?"

"प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी इथे घडतात."

"बरोबर. तुझा बर्सा कुठे आहे?"

मी गप्प. माणसाला बर्सा नसतो एवढं माहीत होतं, पण सरांचा प्रश्न इतका सरळ होता की तेवढंही बोलायचा धीर होईना. त्यांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "नाहीये ना? मग तुझ्या रक्तातल्या पेशींना 'बी' पेशी का म्हणतात, ते वाचून ये."

गुण किती मिळाले ते आठवत नाही. वाचून मात्र आले, आणि खरं सांगायचं तर अजून वाचतेच आहे.

पिशवीचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते फॅब्रिशियस इटलीतल्या पादुआचे शरीररचनाशास्त्रज्ञ. रक्ताभिसरण उलगडून दाखवणाऱ्या विल्यम हार्वींचे गुरू. अंडं आणि त्यातलं पिलू यांवरचा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६२१ मध्ये छापला गेला, आणि त्यात या पिशवीचं वर्णन आलं. तिचं काम काय, याबद्दलचा त्यांचा तर्क असा, की कोंबड्याचं वीर्य तिथे साठवलं जात असावं. जागा बघता तर्क वेडगळ नव्हता, फक्त साफ चुकीचा होता. गंमत म्हणजे ही पिशवी नरातही असते. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षं ती नुसती 'असते' एवढंच माहीत होतं. पिलू वयात आलं की ती सुकते, म्हाताऱ्या कोंबडीत शोधूनही सापडत नाही, म्हणून कुणाला तिचं फार महत्त्व वाटलं नसावं.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी प्राध्यापकांचं विच्छेदन बघत उभा होता. टेबलावर हंस होता. ही पिशवी काय करते, असं त्यानं विचारलं. प्रश्न चांगला आहे, तूच शोधून काढ, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. (हा प्रसंग वाचला तेव्हा आमच्या सरांनी कुणाची उचल केली होती ते मला कळलं.) ग्लिकनं लहान पिलांमधून बर्सा काढून टाकला आणि ती वाढवली. काही विशेष घडलं नाही. पिलं नीट वाढली, मोठी झाली. प्रयोग जवळजवळ फसलाच होता.

मग टिमोथी चँग या त्याच्या सहाध्यायाला वर्गात प्रतिपिंडांचं प्रात्यक्षिक दाखवायला काही कोंबड्या हव्या होत्या. त्यानं ग्लिककडच्या कोंबड्या उसन्या घेतल्या आणि त्यांना साल्मोनेला या जंतूचं प्रतिजन, म्हणजे शरीराला प्रतिपिंडं बनवायला लावणारं द्रव्य, टोचलं. काही मेल्या. वाचलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडं मिळेनात. प्रात्यक्षिकाचा पार विचका झाला, आणि तो का झाला याचा दोघं विचार करत बसले तेव्हा लक्षात आलं की ज्यांचा बर्सा काढला होता त्याच या कोंबड्या. निबंध त्यांनी एका बड्या विज्ञान नियतकालिकाकडे पाठवला, तो परत आला. अखेर १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला. माणसाच्या रोगांवर काम करणारे लोक कुक्कुटपालनाची नियतकालिकं कशाला चाळतील? पुढची काही वर्षं तो तसाच पडून राहिला.

१९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड या अमेरिकी संशोधकांनी तो धागा उचलला. काही पिलांचा बर्सा काढायचा, काहींची थायमस ग्रंथी काढायची, किरणोत्सर्गानं आधीच्या पेशी मारायच्या, आणि काय बिघडतं ते बघायचं. बर्सा गेला की प्रतिपिंडं गेली, थायमस गेली की प्रतिकाराची दुसरीच बाजू लुळी पडली. एकाच फौजेच्या दोन वेगळ्या पलटणी. माणसाच्या मुलांमध्ये दिसणारे दोन वेगवेगळ्या तऱ्हेचे जन्मजात प्रतिकारदोष या आरशात एकदम स्पष्ट झाले. थायमसच्या त्या टी पेशी, बर्साच्या त्या बी. पुढे कळलं की माणसात आणि इतर सस्तन प्राण्यांत हे काम अस्थिमज्जेत चालतं. नाव मात्र कोंबडीचंच राहिलं. आज एखाद्या रुग्णाच्या अहवालात 'बी-सेल लिम्फोमा' (या पेशींचा कर्करोग) असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्यातला 'बी' म्हणजे पिलाच्या शेपटीखालची ती पिशवी असते. हे सांगितलं की लोक सहसा हसतात. काहीजण जरा दुखावतातही.

मला या गोष्टीत खुणावणारी बाब वेगळीच आहे. प्राण्यांवरच्या संशोधनाबद्दल बोलताना आमच्या क्षेत्रात एक शब्द सर्रास वापरतात, 'मॉडेल'. उंदीर हे अमुक रोगाचं मॉडेल, डुक्कर हे तमुक अवयवाचं मॉडेल. म्हणजे प्राणी माणसासारखा आहे म्हणून कामाचा; जितका सारखा तितका बरा. कोंबडीनं शिकवलं ते मात्र ती आपल्यासारखी नव्हती म्हणून. सस्तन प्राण्यांत या पेशी मज्जेत विखुरलेल्या असतात, इतर अनेक पेशींच्या गर्दीत. तिथे त्या कापून काढता येत नाहीत, आणि काढल्या तर प्राणी जगत नाही. पक्ष्यात त्याच कामासाठी वेगळी खोली बांधलेली होती, म्हणून तिला कुलूप लावून बघता आलं. वेगळेपणाची ही गोष्ट एकदा डोळ्यांत भरली की मग ती जिथे तिथे दिसायला लागते.

गाईंच्या जुळ्यांचंच बघा. एक पाडा आणि एक कालवड अशी जुळी झाली तर ती कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, शंभरात नव्वदांहून अधिक वेळा. गुरं राखणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. जॉन हंटर या शल्यचिकित्सकानं १७७९ मध्ये अशा कालवडींची रचना नोंदवून ठेवली. १९१६ च्या सुमाराला फ्रँक लिली यांनी कारण सांगितलं: गर्भाशयात दोन्ही वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात, आणि पाड्याच्या रक्तातली द्रव्यं कालवडीचं जननांग घडू देत नाहीत. माणसाच्या जुळ्यांत असं सहसा होत नाही. हे गाईचं स्वतःचं वैशिष्ट्य, आणि गुरं पैदास करणाऱ्याला त्याचा तोटाच.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये रे ओवेन गुरांचे रक्तगट तपासत. काम तसं कारकुनी वळणाचं, अमुक वासरू अमुक वळूचंच आहे का याची खातरजमा करण्याचं. त्यांच्याकडे एक विचित्र प्रकरण आलं. एकाच गाईला एकाच दिवशी दोन वेगळ्या जातींचे वळू लागले होते आणि जुळं झालं होतं. एक वासरू एका बापाच्या वळणावर गेलेलं, दुसरं दुसऱ्याच्या. रक्त तपासलं तर दोन्ही वासरांत दोन्ही बापांकडचे रक्तगट! वारेतून रक्ताची देवाणघेवाण झाली असणार हे उघड होतं. पण तांबड्या पेशी काही महिन्यांत मरतात, आणि ही सरमिसळ तर मोठ्या झालेल्या जनावरांतही टिकून होती. म्हणजे भावंडाच्या रक्त घडवणाऱ्या पेशीच दुसऱ्याच्या मज्जेत वस्तीला येऊन बसल्या होत्या, आणि शरीरानं त्यांना हुसकलं नव्हतं. १९४५ साली ओवेन यांनी हे दोन पानांत मांडलं.

तिकडे कातडीच्या रोपणावर काम करणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांना एका परिषदेत गुरांवर काम करणाऱ्या सहकाऱ्यानं विचारलं, एकसारखी जुळी वासरं आणि वेगळी जुळी यांच्यातला फरक ओळखायचा कसा? मेडावार म्हणाले, सोपं आहे, एकाची कातडी दुसऱ्याला लावा. एकसारखी असतील तर टिकेल, नाहीतर गळून पडेल. स्वतःच जाऊन करून बघितलं. जवळजवळ सगळ्यांची टिकली. पाडा आणि कालवड अशा जोड्यांतही टिकली, आणि ती तर एकसारखी असणं शक्यच नव्हतं. आत्मविश्वासानं दिलेला सल्ला इतका फसलेला मी दुसरा वाचलेला नाही. पण या फसण्यातूनच, ओवेन यांच्या निबंधाची आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांच्या विचारांची जोड मिळून, शरीर 'आपलं' आणि 'परकं' हे जन्माआधी शिकतं, ही कल्पना उभी राहिली. १९५३ मध्ये मेडावार यांच्या चमूनं ती उंदरांत सिद्ध केली. अवयवरोपणाच्या शास्त्राचं जोतं तिथे घातलं गेलं. १९६० चं नोबेल बर्नेट आणि मेडावार यांना मिळालं. ओवेन यांना नाही. मला ते अजूनही खटकतं, पण ओवेन यांनी त्याबद्दल कुरकुर केल्याचं कुठे वाचनात आलेलं नाही.

जीवनसत्त्व 'के' सापडलं तेही पिलांत. कोपनहेगनचे हेन्रिक डाम कोलेस्टेरॉलचा अभ्यास करायला पिलांना चरबी काढलेलं खाद्य घालत होते, आणि पिलांच्या कातडीखाली, स्नायूंत रक्तस्राव होऊ लागले. पिलाचं आतडं आखूड. त्यातल्या जंतूंकडून हे जीवनसत्त्व त्याला पुरेसं मिळत नाही, म्हणून खाद्यातली उणीव लगेच अंगावर आली. दुसरा एखादा प्राणी निवडला असता तर ती लपून राहिली असती. त्याच काळात अमेरिका आणि कॅनडात बुरशी धरलेल्या क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाची वैरण खाऊन गुरं मरत होती. शिंगं काढावीत तर रक्त थांबेना. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा डबा आणि ती खराब वैरण घेऊन विस्कॉन्सिनचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. त्या वैरणीतून लिंक यांच्या चमूनं सहा वर्षांनी रक्त पातळ ठेवणारं द्रव्य वेगळं काढलं, आणि त्याच्याच घराण्यातलं वॉरफरिन आधी उंदीर मारायला आणि मग १९५४ पासून माणसं वाचवायला वापरात आलं. वैरणीच्या वाटेनं आलेलं हे औषध जीवनसत्त्व के चं काम अडवतं. पिलांची गोष्ट आणि गुरांची गोष्ट अशी एका साखळीत येऊन बसते. शेतकऱ्याला त्या दिवशी उत्तर मिळालं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. त्याची जनावरं मरतच होती.

ऑगस्ट क्रोग या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९२९ मध्ये लिहून ठेवलंय, की बहुतेक प्रश्नांसाठी कुठला ना कुठला सोयीचा प्राणी सापडतो. त्याच्या गुरूंनी श्वसनाच्या अभ्यासाला एक कासव घेतलं होतं, ज्याची श्वासनलिका मानेतच वरच्या बाजूला दुभंगते, त्यामुळे एकेका फुप्फुसाची हवा वेगळी मोजता येते. हे कासव श्वसनशास्त्रासाठीच निर्माण केलेलं दिसतं, असा विनोद त्यांच्या प्रयोगशाळेत चाले. विनोद म्हणून छान आहे. पण आमच्या धंद्यात तो कधी विनोद राहत नाही ते कळतही नाही. मळमळीवरच्या औषधांसाठी फेरेट हे मुंगसासारखे दिसणारे लहान प्राणी निवडले गेले, कारण उंदरांना ओकताच येत नाही. ती औषधं पुढे कर्करोगाच्या रुग्णांना मिळाली, आणि त्यातल्या कुणाला मी 'बिचारे फेरेट' असं सांगायला जाणार नाही. तरी ओकायला येणं हा त्यांचा गुण ठरला, आणि त्याची किंमत त्यांनीच दिली.

पदव्युत्तर कामासाठी मी गंबोरोच्या लशीवर प्रयोग केला होता. अर्ध्या पिलांना लस, अर्ध्यांना नाही, मग सगळ्यांना विषाणू. लस न दिलेला गट म्हणजे 'कंट्रोल'. ती पिलं आजारी पडायलाच हवी होती, नाहीतर प्रयोग फुकट. चौथ्या दिवशी ती पिसं फुलवून कोपऱ्यात दाटीनं बसली तेव्हा मला झालेला पहिला आनंद मी विसरलेली नाही. विषाणू लागला होता. प्रयोग जमला होता. आनंदाच्या मागोमाग जे वाटलं त्याला मी आजवर नाव दिलेलं नाही. त्याच कामामुळे पुढे कितीतरी पिलं आजारीच पडली नाहीत, हेही खरंच आहे, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

वेगळेपण विसरलं की काय होतं, तेही मी कोंबड्यांकडूनच आधी शिकले होते, फक्त मला ते कळलं नव्हतं. पक्षी युरिया टाकत नाहीत, युरिक ॲसिड टाकतात. अंड्याच्या बंद कवचात वाढणाऱ्या जिवाला ते बरं. युरिया पाण्यात विरघळून साचत गेला असता, युरिक ॲसिडचे खडे एका बाजूला निमूट पडून राहतात. पण मूत्रपिंडं बंद पडली की तेच युरिक ॲसिड हृदयावर, यकृतावर पांढरं पसरतं. पोट उघडावं तर आत चुन्याचा हात मारल्यासारखं. पाणी कमी पडलं, खाद्यात कॅल्शियम जास्त झालं, एखादा विषाणू मूत्रपिंडात शिरला, की हे दिसतं. गाउट. वर्षानुवर्षं मी हा शब्द अहवालात लिहीत आले.

१९९० च्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडं मरू लागली. काही वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. नवा विषाणू असावा असाच बहुतेकांचा कयास होता. मीही असते तर तोच शोधला असता. मेलेल्या गिधाडांचं शवविच्छेदन केलं तर आत पांढरा थर. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण प्रसिद्ध केलं, ते जंतू नव्हतंच. डायक्लोफेनॅक. माणसांच्या सांधेदुखीवरचं, गुरांनाही बिनधास्त दिलं जाणारं, स्वस्त आणि गुणकारी औषध. उपचार करूनही मेलेल्या गुराच्या मांसात ते उरायचं, गिधाड ते खायचं, आणि त्याची मूत्रपिंडं एक-दोन दिवसांत बसायची. इतकी मोठी घट व्हायला शंभरातल्या एका मढ्यातही ते असण्याची गरज नव्हती. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळनं जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. तोवर गिधाडांना सोसणारं मेलॉक्सिकॅम हा पर्यायही तपासून झाला होता.

तो निबंध मी वाचला तेव्हा छायाचित्रापाशीच थांबले. पांढरं हृदय. ते मी रोज बघत होते. गाईला चाललं, माणसाला चाललं, म्हणजे चालतं, असं धरणाऱ्यांत मीही होते. औषध गाईतच थांबेल असं आम्ही का समजलो?

यानंतर मी औषधांच्या बाबतीत जरा त्रासदायक बाई झाले. मांजराला ताप आहे, घरातली अर्धी पॅरासिटामॉल दिली, असा फोन आला की माझा आवाज चढतो. ज्या मार्गानं आपलं यकृत ते औषध निरुपद्रवी करतं तो मार्ग मांजरात जवळजवळ बंद आहे. हिरड्या तपकिरी होतात, तोंड सुजतं, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो. कॉली जातीच्या काही कुत्र्यांच्या मेंदूचा औषधांना अडवणारा दारवान जन्मतःच गैरहजर असतो, त्यांना आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशकाचा जरा मोठा डोस जिवावर बेततो. 'लहान माणूस' असा कुठलाच प्राणी नसतो. मांजर म्हणजे लहान कुत्रंही नव्हे.

परवा एका नव्या मुलीला मी पिलू उघडून दाखवत होते. बर्सा चिमट्यात धरला आणि सवयीनं विचारणार होते, तुझा कुठे आहे? तेवढ्यात फोन वाजला. ज्यांनी ती पिलं पाठवली होती तेच होते. मी त्यांना सांगितलं की गंबोरोच आहे, लशीचं वेळापत्रक चुकलं असावं, पिलांमध्ये आईकडून आलेली प्रतिपिंडं जास्त असतील तर लवकर दिलेली लस वाया जाते, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"डॉक्टर, मेली ती मेली," ते म्हणाले. "राहिलेल्यांचं काय करू ते सांगा."

मी हातमोजे काढले आणि पाण्यापासून सांगायला सुरुवात केली.